मोडी कागदांचं एकच फोल्डर फोन, लॅपटॉप, डेस्कटॉप तिन्हीकडे कसं ठेवावं?

दांडियाबाजारवाले
नमस्कार मंडळी. आजोबांची मोडीतली पत्रं आणि जमाखर्चाच्या वह्या इथे वडोदऱ्याच्या घरी आहेत. कडा हात लावला की झडतात, म्हणून सूनबाई खिडकीच्या उजेडात फोनवर फोटो काढते. मी लॅपटॉपवर देवनागरीत उतरवतो, जपणूक डेस्कटॉपवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मोठा केला की अक्षरं फुटतात. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून खाली अक्षरं लावतात. एखादं बारीक वळण पुसट झालं की शब्दच लागत नाही. घरचे कागद परक्या सर्व्हरवर ठेवायचे नाहीत. काही उपाय?

रावपुरा_लिनक्स
काका, सिंकथिंग लावा. एकच फोल्डर सगळ्या यंत्रांवर सारखं ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. घरच्या वायफायवर यंत्रं थेट एकमेकांना फाइल देतात, इंटरनेट गेलं तरी अडत नाही. फोटो आहे तसा, पूर्ण आकारात पोचतो. फोनसाठी मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर 2024 मध्ये थांबलं, त्यामुळे त्याच्यावरूनच दुसऱ्यांनी बनवलेलं ‘सिंकथिंग-फोर्क’ घ्या आणि त्याच्यापुरती बॅटरीची बचत बंद करा.

आता कळकळीने सांगतो: हा बॅकअप नव्हे! जागा करायला सूनबाईंनी फोनमधून फोटो उडवले, तर ते डेस्कटॉपवरूनही उडतील. फोनचं फोल्डर ‘सेंड ओन्ली’ केलं तरी उडतील. त्याने फक्त इकडचे बदल फोनवर जात नाहीत. डेस्कटॉपवर ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू करा, म्हणजे उडालेली फाइल ‘.stversions’ नावाच्या फोल्डरमध्ये राहते. शिवाय बाहेरच्या हार्ड डिस्कवर वेगळी प्रत काढून ती कपाटात ठेवा. असे कागद पुन्हा मिळत नाहीत.

मांजलपूरची_मीरा
फोन गेस्ट वायफायवर नाही ना, ते बघा. तिथे बहुतेक राउटर यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, आणि आपण उगाच अ‍ॅपला दोष देतो.

दांडियाबाजारवाले
दोघांचे आभार. सूनबाईही तिच्या लॅपटॉपवर उतरवायला बसणार आहे. एकाच फाइलीत दोघांनी लिहिलं तर?

रावपुरा_लिनक्स
तसं नका करू. दोन्हीकडे बदल झाला तर एक प्रत ‘sync-conflict’ नावाने बाजूला पडते, दोन्हींचा मजकूर आपोआप जुळत नाही. प्रत्येक पत्राची वेगळी फाइल करा, पत्रं वाटून घ्या. आणि डेस्कटॉप चालू राहू द्या: दोन यंत्रं एकाच वेळी चालू नसतील तर देवाणघेवाण होत नाही, डेस्कटॉप जागा असला की तो मधला दुवा होतो.