दोष परिरक्षकाचा नव्हे, गराचा

बाजारातला जॅम बेचव होत चालल्याचे खापर काही जण परिरक्षकांवर, म्हणजे तो टिकावा म्हणून घातलेल्या रसायनांवर, फोडतात; ते मला पटत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार जॅममध्ये वजनाने किमान 45 टक्के फळ असावे लागते (स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीचे तर किमान 25 टक्केही चालते), पण ते फळ कोणते असावे याची सक्ती नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. 'मिक्स फ्रूट'च्या बरणीमागची बारीक अक्षरे वाचा: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यात पहिले नाव बहुधा साखरेचे असते आणि पाठोपाठ केळे, पपई, पेअर अशा स्वस्त फळांचा गर येतो. या गरात आंबटपणा बेताचाच, म्हणून सायट्रिक आम्ल घालायचे, घट्टपणासाठी वरून पेक्टिन, आणि लाल रंग व वास कृत्रिम. चमचा बुडवला की सुरीने कापल्यासारखी चकचकीत कड उमटते, पण फळाचा एक रेषाही हाती लागत नाही. मुलांना तेच आवडते, हा भाग वेगळा. एकाच फळाचा आणि त्या फळाची टक्केवारी ठळक छापलेला जॅम महाग पडतो, तरी जॅम बेचव झाला की नाही हे ठरवायचेच तर त्याच्यावरून ठरवावे.