पौल आणि याकोब एकमेकांविरुद्ध नाहीत

'तारणासाठी विश्वास असला की झालं, कृत्यं बघायचीच नाहीत' असं काहीजण म्हणतात आणि आधाराला बायबलच्या नव्या करारातलं पौलाचं रोमकरांस पत्र देतात; त्याच नव्या करारातलं याकोबाचं पत्र मात्र कृत्यांवर भर देतं. पण पौल कशावर बोलतोय ते बघा ना! वाद सुंतेचा होता, नियमशास्त्राचं, म्हणजे यहुदी धर्मनियमांचं, ओझं यहुदी नसलेल्यांवर लादायचं का, याचा. भुकेल्याला जेवू घालणं त्याने कुठेच कमी लेखलेलं नाही. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तर तो प्रेमातून काम करणारा विश्वासच हवा म्हणतो.

याकोबही पौलासारखंच अब्राहामाचं उदाहरण देतो, फक्त त्याला मुलगा इसहाक याचं बलिदान द्यायला निघालेल्या वेदीपाशी उभा करून. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही, अशा भावाला 'ऊब घे, पोटभर जेव' म्हणत रिकाम्या हाताने वाटेला लावायचं? असा विश्वास त्याला मेलेला वाटतो, आणि मलाही. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली, ते मला अजून खटकतं.

१९९९ मध्ये कॅथलिक आणि लुथरन (लूथरच्या परंपरेतल्या) प्रतिनिधींनी ऑग्सबर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देवापुढे नीतिमान ठरणं त्याच्या कृपेनेच, सत्कृत्यं ही त्या नीतिमान ठरण्याची फळं. मला हेच पटतं. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराकडे फळं दाखवायला वेळच नव्हता, तरी येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं. आपल्याकडे मात्र वेळ आहे.