बेळगावात आंतरराष्ट्रीय कायद्याचे लॉ क्लिनिक : विद्यार्थ्यांनी नेमके कोणते काम हाती घ्यावे?

प्रश्न (विधी शाखेची विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांना नमस्कार. आमच्या महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायद्याचे क्लिनिक, म्हणजे विद्यार्थी देखरेखीखाली लोकांना प्रत्यक्ष कायदेशीर मदत करतात असे केंद्र, सुरू करावे असा प्रस्ताव पुढे आला असून, त्याचा पहिला आराखडा आम्हा विद्यार्थ्यांनाच लिहायला सांगितला आहे. परदेशातील काही विद्यापीठांचे काम मी वाचले आहे. हार्वर्डच्या मानवी हक्क क्लिनिकने क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या २००८ च्या करारासाठी संशोधन केले, तर नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाचे विद्यार्थी युद्धविषयक कायद्यावर संस्थांना अहवाल तयार करून देतात. हे वाचताना उत्साह वाटतो. पण खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून येणाऱ्या माणसाला आमच्या अशा क्लिनिकचा उपयोग काय, या प्रश्नाशी माझे लिखाण थांबते. जेसप मूट कोर्टची (विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय अभिरूप न्यायालय स्पर्धेची) तयारी म्हणजेच आंतरराष्ट्रीय कायद्याचा सराव, असे आमच्यापैकी अनेकांना वाटते आणि आराखडाही त्याच दिशेने चालला आहे.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सनद नसलेल्या विद्यार्थ्याला कायद्याने किती काम करता येते? या भागात आंतरराष्ट्रीय कायद्याशी खरोखर संबंध असलेली प्रकरणे कोणती? आणि मराठी शाळांचा व मराठीतून कागदपत्रे मिळण्याचा प्रश्न क्लिनिकने संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेपुढे नेता येईल का?

उत्तर १ (वकील, बेळगाव जिल्हा न्यायालय)

ताई, प्रश्न योग्य वेळी विचारलात. सनदेचा मुद्दा आधी घेतो, कारण बहुतेक आराखडे तिथेच कच्चे राहतात. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३३ प्रमाणे न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत वकिलालाच आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांनी पक्षकाराची हकीकत लिहून घ्यावी, कागद लावावेत, संशोधन करावे, मसुदा तयार करावा. सही आणि जबाबदारी मात्र वकिलाची असते. अडचण अशी की पूर्णवेळ पगारी प्राध्यापकांना वकिली करता येत नाही. उलट बाजूने, वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे. तेव्हा असा एक वकील क्लिनिकला नियमितपणे मिळाल्याशिवाय एकही पक्षकार घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. गोपनीयतेचाही विचार करा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चे कलम १३२ वकिलाला, दुभाष्याला आणि वकिलाच्या कारकून-नोकरांना संरक्षण देते. विद्यार्थी या शब्दांत बसतोच असे गृहीत धरून पक्षकाराला आश्वासन देणे धोक्याचे आहे.

आता प्रकरणांविषयी. आपल्या भागातून गवंडी, वेल्डर, चालक, स्वयंपाकी म्हणून माणसे आखाती देशांत जातात, आणि त्यांचे कागद हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा सर्वांत जिवंत अभ्यासक्रम आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) हा शेरा असतो. अशा माणसाला ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगी लागते. एजंटाने पर्यटन व्हिसावर पाठवले की ही सगळी साखळी तुटते, आणि तिकडे पगार थकला की हातात दाखवायला करारच नसतो, किंवा इथे सही केलेला एक आणि तिथे पुढे केलेला दुसरा असे दोन करार असतात. एजंट नोंदणीकृत आहे का हे तपासणे, उत्प्रवासी संरक्षकाकडे (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याकडे) तक्रार लिहिणे, परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद करून तिचा पाठपुरावा करणे ही कामे विद्यार्थी उत्तम करू शकतात. स्थलांतरित कामगारांच्या १९९० च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा भारत पक्ष नाही. त्यामुळे या कामगाराचे हक्क देशी कायदा, द्विपक्षीय समझोते आणि यजमान देशाचा कामगार कायदा यांतून एकेक करून जोडून काढावे लागतात, आणि हे जोडकाम शिकण्यासारखे आहे.

याची दुसरी बाजू फारशी कोणाला माहीत नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अधिसूचित केले. म्हणजे दुबईतील बँकेने कर्जवसुलीचा हुकूमनामा मिळवला, तर तो बेळगावच्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी येऊ शकतो. नोकरी गेल्यामुळे परतलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. त्याला कलम १३ मधील हरकती उपलब्ध असतात : नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली का, निकाल गुणदोषांवर झाला का, त्या न्यायालयाला अधिकार होता का. नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, ती खरोखर मिळाली का, हे घरच्यांना विचारून शोधावे लागते, आणि त्यासाठी मराठी व कन्नड दोन्ही बोलणारा विद्यार्थीच हवा.

कागदांच्या साक्षांकनाचेही असेच. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे; अपोस्टिल म्हणजे करारातील देशांत कागद खरा मानला जावा यासाठीचे एकच प्रमाणपत्र. ओमानही त्यात असल्याने तिकडे जाणाऱ्या कागदाला अपोस्टिल पुरते. जो देश करारात नाही त्याच्यासाठी दूतावासाची पायरी चढावी लागते. एवढे समजावून सांगितले तरी गरीब माणसाची एजंटाकडची फेरी आणि पैसे वाचतात.

उत्तर २ (विडी कामगारांमध्ये काम करणारी कार्यकर्ती, निपाणी)

वकीलसाहेबांनी आखाताविषयी लिहिले; मी निपाणीविषयी लिहिते. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले. पाकिटावरील चित्ररूप इशाऱ्यांबद्दल सर्वांना माहीत आहे. पण त्याच कराराचे कलम १७ सांगते की तंबाखू पिकवणाऱ्यांना, त्यात राबणाऱ्यांना आणि किरकोळ विक्रेत्यांना परवडणारे पर्यायी काम मिळावे यासाठी देशांनी प्रयत्न करावेत. आमच्याकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांपैकी कोणालाही हे कलम कधी कोणी वाचून दाखवलेले नाही. शिवाय विडीवरचा कल्याण उपकर जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये बंद झाला, ज्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत असत.

क्लिनिकने इथे यावे, हजार विड्यांमागे प्रत्यक्ष हातात काय पडते, खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या जातात, ओळखपत्र कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याची नीट नोंद करावी आणि ती कलम १७ समोर ठेवून लिहावी. घरी बसून मालकासाठी काम करणाऱ्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार भारताने स्वीकारलेला नाही. पण बालकामगारांविषयीचे १३८ आणि १८२ क्रमांकांचे करार २०१७ मध्ये स्वीकारले आहेत, आणि आईच्या शेजारी बसून पाने कापणारी मुलगी त्यांच्या कक्षेत येते. एकच विनंती आहे : एका सत्रात माहिती गोळा करून निघून जाणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. तुमचा अहवाल आधी मराठीत या बायकांना वाचून दाखवा, मगच बाहेर पाठवा.

उत्तर ३ (निवृत्त प्राध्यापक, आंतरराष्ट्रीय कायदा)

भाषेच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे आणि म्हणूनच त्यात नेमकेपणा हवा. नागरी व राजकीय हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला, आणि त्याचे कलम २७ भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःची भाषा वापरण्याचा हक्क देते. मात्र वैयक्तिक तक्रारीसाठीचा ऐच्छिक प्रोटोकॉल भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे बेळगावच्या पालकाला जिनिव्हातील मानवी हक्क समितीकडे थेट तक्रार करता येत नाही. तीन मार्ग उरतात. समिती भारताचा आढावा घेते तेव्हा पर्यायी अहवाल देता येतो. असा आढावा १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये झाला. दुसरा मार्ग सार्वत्रिक नियतकालिक आढाव्याचा (संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीचा ठरावीक काळाने होणाऱ्या आढाव्याचा), ज्यात एका संस्थेचे निवेदन २८१५ शब्दांत बसवावे लागते. ही मर्यादा विद्यार्थ्यांसाठी फार उत्तम शिस्त आहे. तिसरा, अल्पसंख्याकांविषयीच्या विशेष प्रतिवेदकाला (संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाला) पत्र, ज्यासाठी प्रोटोकॉलची अट नाही.

तरीही सुरुवात घरापासून करा. राज्यघटनेचे कलम ३५०अ मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयी आहे, कलम ३५०ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत, आणि पंधरा टक्क्यांहून अधिक अल्पसंख्याक असलेल्या तालुक्यात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असा मान्य केलेला निकष आहे. कोणत्या कार्यालयात कोणती सूचना कोणत्या भाषेत लागली, कोणत्या शाळेत मराठीचा शिक्षक नाही, हे तारखेसह आणि अर्जाच्या प्रतीसह नोंदवलेले हवे; भाषणाला कोणतीही समिती उत्तर देत नाही, कागदाला देते. सीमाप्रश्न महाराष्ट्राने २००४ मध्ये कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात नेला आहे. तो क्लिनिकचा विषय नव्हे आणि आराखड्यात तसे स्पष्ट लिहा, म्हणजे कन्नडभाषक विद्यार्थीही मोकळेपणाने सामील होतील. निपाणीच्या घरात आणि बेळगावच्या न्यायालयात त्यांची तुम्हाला गरज पडणार आहे.

प्रश्नकर्ती

सर, वकीलसाहेब, ताई, मनःपूर्वक आभार. मूट कोर्ट वेगळे ठेवून पहिल्या वर्षी परतलेल्या कामगारांची प्रकरणे आणि निपाणीतील नोंदणी ही दोनच कामे आराखड्यात घालत आहे. दिवसाला तीन तास देऊ शकणाऱ्या वकिलांचा शोध सोमवारपासून सुरू करते. कोणी तयार असल्यास इथेच कळवावे.