शब्दचर्चा : 'बॅटलशिप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

गेले आठ महिने यामातो या जपानी बॅटलशिपचं १:३५० प्रमाणातलं किट जोडते आहे. मूळ जहाज २६३ मीटर लांब, माझं पाऊण मीटर. पुढच्या महिन्यात भाच्याच्या शाळेतल्या प्रदर्शनात ते ठेवायचं आहे आणि सोबतची पाटी मराठीत हवी आहे. 'युद्धनौका' लिहिलं की पाणबुडी सोडून लढणारं प्रत्येक जहाज त्यात येतं. बॅटलशिप हा तर एक ठरावीक प्रकार. त्याला वेगळा शब्द आहे का? आणि मॉडेल 'बनवलं', 'जोडलं' की 'बांधलं'?

प्रतिसाद

ताई, आधी क्रियापदाचं बघू. मराठीत जहाज बांधतात, म्हणून तर जहाजबांधणी. 'किट बनवलं' म्हटलं की किट तयार करणारी कंपनी डोळ्यांपुढे येते. सुटे भाग फ्रेमवरून कापून, घासून, चिकटवणं म्हणजे जोडणं. मी तरी 'किट जोडलं' आणि 'जहाज बांधलं' असंच म्हणतो.

आता बॅटलशिप. हा शब्द 'लाइन ऑफ बॅटल शिप' यावरून आखडत आला. शिडांच्या काळात आरमारं एकामागे एक रांग धरून, कुशीच्या तोफा शत्रूकडे करून लढत. त्या रांगेत टिकेल एवढं दणकट आणि तोफांनी भरलेलं जहाज ते हे. अशी जहाजं आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या बांधणाऱ्यांनी सागवानात बांधली आहेत. ७४ तोफांचं मिंडेन १८१० मध्ये पाण्यात उतरलं, वेलस्ली १८१५ मध्ये. म्हणजे ही वस्तू आपल्या किनाऱ्याला परकी नाही, फक्त मराठी नाव तिला चिकटलं नाही.

प्रतिसाद

'रणनौका' कसा वाटतो?

प्रतिसाद

कानाला गोड आहे, पण रण आणि युद्ध यांत फरक काय? वाचणाऱ्याला प्रकार कळणार नाही. डिस्ट्रॉयरला 'विनाशिका' रुळला, कारण वर्तमानपत्रांनी तो वर्षानुवर्षं वापरला आणि नौदलात ती जहाजं होती. बॅटलशिप भारतीय नौदलात कधीच नव्हती, त्यामुळे मराठी शब्द घडायची वेळच आली नाही. क्रूझर, फ्रिगेट लिहितो तसं सरळ 'बॅटलशिप' लिहावं आणि पुढे एका ओळीत समजावून सांगावं.

प्रश्नकर्ती

पटलं. आता भागांची नावं. टरेटला, म्हणजे तोफा बसवलेल्या फिरत्या भागाला, 'मनोरा' लिहिलं होतं, पण मग जिथून जहाज चालवतात त्या मधल्या उंच ब्रिजला काय म्हणायचं?

प्रतिसाद

मनोरा त्या ब्रिजलाच ठेवा, तो दिसतोच मनोऱ्यासारखा. टरेटला 'बुरूज'. मराठी माणसाच्या मनात तोफ बुरुजावरच असते. किल्ल्याचा बुरूज हलत नाही हे खरं, म्हणून पहिल्यांदा 'फिरता बुरूज' लिहा, पुढे नुसतं बुरूज चालेल. यामातोचा मुख्य तोफांचा एकेक बुरूज सुमारे २५०० टनांचा, प्रत्येकात तीन तोफा. तोफेच्या नळीचं तोंड ४६ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या मॉडेलवर जेमतेम १.३ मिलिमीटर! हा आकडा पाटीवर जरूर द्या, मुलांना प्रमाण म्हणजे काय ते त्यातून कळेल. बारक्या तोफांना 'विमानवेधी' हा चांगला रुळलेला शब्द आहे.

प्रतिसाद

मी कोकणातली, घरची होडी होती. पुढच्या टोकाला 'नाळ' म्हणा, आमच्याकडे तोच शब्द. मास्टला डोलकाठी, शीड नसलं तरी. 'हल'ला, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगाला, 'सांगाडा' लिहू नका, ही विनंती. सांगाडा म्हणजे फळ्या मारण्याआधी उभ्या दिसतात त्या फासळ्या. तुमच्या किटमध्ये फासळ्या नाहीतच, वरची सालच आहे. पाण्याखालच्या तांबड्या भागाला 'बूड' म्हणायला मात्र हरकत नाही.

प्रश्नकर्ती

नाळ! हा शब्द आजीच्या तोंडी ऐकला होता, पार विसरले होते. नाळेवरचं शेवंतीचं फूल, राजघराण्याचं चिन्ह, मी कालच सोनेरी रंगवलं. पितळी पत्र्यातले कठडे अजून वाकवायचे आहेत, तीन मिलिमीटरसुद्धा उंची नाही त्यांची.

शेवटची शंका : यामातो की यामाटो?

प्रतिसाद

यामातो. जपानी उच्चारात तो 'त' दाताला जीभ लावूनच आहे. 'ट' इंग्रजी स्पेलिंगमधून येतो. देवनागरीत दोन्ही अक्षरं असताना चुकीचं का घ्यायचं?

प्रश्नकर्ती

पाटी अशी केली आहे :

'यामातो. जपानी बॅटलशिप, म्हणजे जाड चिलखताची, सर्वांत मोठ्या तोफा वाहणारी युद्धनौका. कुरे येथे बांधली. नौदलात दाखल १६ डिसेंबर १९४१. अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात बुडाली ७ एप्रिल १९४५. तीन फिरते बुरूज, नऊ मुख्य तोफा. प्रमाण १:३५०.'

प्रतिसाद

'वाहणारी' ऐवजी 'बाळगणारी' करा. वाहणारी म्हटलं की तोफा मालासारख्या नेतेय असं वाटतं.