सल्ला हवा आहे: वेगवेगळ्या टाइम झोनमधील सभासदांच्या ऑनलाइन बैठका आणि त्यांचे रेकॉर्डिंग

पाऊलखुणा
नमस्कार. आमचा भाषाशास्त्राचा एक छोटा अभ्यासगट असून त्याचे सभासद भारत, लंडन, टोरांटो, सिंगापूर आणि सिडनी येथे आहेत. दर शनिवारी भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसात वाजता आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटतो आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी बैठक रेकॉर्ड करून ठेवतो.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की मार्चमध्ये एका शनिवारी टोरांटोची मंडळी आमच्याआधी तासभर येऊन बसली होती, आणि आम्ही पोहोचेपर्यंत निम्मी चर्चा आटोपली होती. कॅलेंडरमधले निमंत्रण तेथील सहसंयोजकांच्या खात्यावरून गेलेले आहे. दुसरी अडचण रेकॉर्डिंगची. फाइलवर एक तारीख असते, आमच्या टिपणात दुसरी असते आणि सिडनीतील सभासद तिसरीच शोधत बसतात.

यासाठी खर्च अजिबात करायचा नाही आणि सभासदांना नवे ॲप घ्यायला किंवा नवे खाते उघडायला सांगायचे नाही, एवढ्या दोन अटी पाळून काय करता येईल, हे कृपया सुचवावे.

घटिका
यावर एकच खात्रीचा उपाय आहे आणि तो म्हणजे यूटीसी, म्हणजेच जगभर सारखी धरली जाणारी प्रमाणवेळ. आमच्या कार्यालयातील प्रत्येक बैठक गेली कित्येक वर्षे यूटीसीमध्येच जाहीर होते आणि आजवर एकदाही गोंधळ झालेला नाही. तुमची बैठक १४:०० यूटीसीला आहे, तेवढेच लिहा. प्रत्येकाने आपापला फरक एकदा पाठ करून ठेवला की झाले.

निशिगंध
खर्चाचा विचार थोडा बाजूला ठेवा, असे मी आग्रहाने सुचवेन. मी वेळ ठरवून देणारी एक सशुल्क सेवा घेतलेली आहे. तिच्यात सर्वांचे मोकळे तास एकाच पडद्यावर दिसतात, प्रत्येकाला त्याच्या स्थानिक वेळेनुसार स्मरणपत्र जाते आणि रेकॉर्डिंगचा दुवाही आपोआप पोहोचतो. चांगल्या सोयीला पैसे पडतात, आणि ते वसूलही होतात.

उत्तरायण
घटिका, तुमच्या कार्यालयातील लोकांना यूटीसीची सवय असेल, पण प्रत्येकाने फरक पाठ करावा हा सल्ला येथे लागू पडणार नाही, कारण तो फरकच वर्षभर स्थिर नसतो; काही देश उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात आणि हिवाळ्यात पुन्हा मागे घेतात. टोरांटो हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात चार तास. लंडन हिवाळ्यात यूटीसीबरोबर असते, उन्हाळ्यात एक तास पुढे जाते. सिडनीचे घड्याळ त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत, अकरा तास पुढे असते आणि एरवी दहा. भारत आणि सिंगापूर तेवढे जागचे हलत नाहीत.

धागाकर्तींच्या बैठकीत काय झाले असावे, ते सांगतो. अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतांश भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात. युरोपात हाच बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. निमंत्रण टोरांटोच्या खात्यावरून गेल्यामुळे कॅलेंडरने बैठक ‘टोरांटोची सकाळी नऊ’ अशी धरली. त्या रविवारपर्यंत टोरांटोचे नऊ म्हणजे भारताचे साडेसात होते. त्यानंतर ते साडेसहा झाले. तुमचा निरोप मात्र साडेसातचाच राहिला. युरोपाचा बदल होईपर्यंतचे मधले दोन किंवा तीन आठवडे लंडनवाल्यांचीही बैठक दोनऐवजी एक वाजता आली असणार. शरद ऋतूत हाच प्रकार उलट्या क्रमाने होतो, पण तेव्हा दोन बदलांत एकाच आठवड्याचे अंतर असते.

म्हणून यूटीसी की आणखी काही, हा प्रश्न नंतरचा. दर आठवड्याची बैठक कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधलेली आहे, हे आधी ठरवा. गूगल कॅलेंडरमध्ये वेळेशेजारीच टाइम झोन निवडण्याची सोय आहे, आउटलुकमध्येही आहे. तेथे जे शहर निवडाल त्याचे घड्याळ कायम राहील आणि इतरांची वेळ सरकेल. कोणाची तरी वेळ सरकणारच, ती कोणाची सरकावी एवढेच आपल्या हातात असते. माझे मत विचाराल तर भारताला बांधा, कारण तुम्ही निरोपात तीच वेळ लिहिता.

घटिका
उत्तरायण, वेळ सरकते याचा दोष यूटीसीकडे जात नाही. ती न हलणारी एकमेव गोष्ट आहे, म्हणून तिलाच धरावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तरायण
ती हलत नाही, हे मान्य. पण माणसे यूटीसीने जेवत नाहीत आणि कामावरही जात नाहीत. १४:०० यूटीसी कायम ठेवले तर टोरांटोच्या माणसाची नऊची बैठक अर्धे वर्ष दहाला होईल. त्याला दहाला दुसरे काम असेल, तर तुमची स्थिर वेळ त्याच्या काय उपयोगाची?

काटकोन
हे सारे दुखणे घड्याळे पुढेमागे करण्याच्या पद्धतीचे आहे आणि ती पद्धत सगळीकडे बंद झाली पाहिजे. ब्राझीलने २०१९ मध्ये ती बंद केली आणि मेक्सिकोने बहुतेक भागांत २०२२ मध्ये. युरोपीय संसदेनेही २०१९ मध्ये ती थांबवण्याच्या बाजूने मतदान केले आहे.

तळटीप
काटकोन, युरोपीय संसदेने मतदान केले हे खरे, पण सदस्यराष्ट्रांच्या परिषदेत त्यावर एकमत झाले नाही आणि तेथील घड्याळे अजून बदलतात. शिवाय इजिप्तने बंद केलेली पद्धत २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली आहे. तेव्हा या आशेवर धागाकर्तींनी शनिवारची बैठक ठरवू नये.

यातून एक उपयोगाचा मुद्दा मात्र निघतो. फोन आणि संगणक हे बदल टाइम झोनच्या एका सामायिक कोष्टकावरून ओळखतात. ते इंटरनेटची नावे आणि पत्ते यांचा समन्वय पाहणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली सांभाळले जाते आणि एखाद्या सरकारने नियम बदलला की तेही बदलते. ज्या फोनला अनेक वर्षे अपडेट मिळालेले नाही, त्यात जुने कोष्टक असू शकते आणि मग निमंत्रण बिनचूक असूनही त्या एका सभासदाला चुकीची वेळ दिसते. एकच माणूस वारंवार तासाने चुकत असेल, तर आधी त्याचा फोन तपासा.

सरळरेषा
आतापर्यंत कोणी सांगितलेले दिसत नाही, म्हणून सांगते की टाइम झोनची संक्षिप्त अक्षरे निरोपात कधीही लिहू नयेत. आयएसटी म्हणजे भारताची वेळ, तशीच ती इस्राएलची आणि आयर्लंडचीही आहे. सीएसटी चीनची असू शकते किंवा शिकागोची. उन्हाळ्यातसुद्धा लंडनच्या वेळेला जीएमटी (ग्रिनिच प्रमाणवेळ, म्हणजे लंडनची हिवाळ्यातील वेळ) म्हणणारे लोक तर पावलोपावली भेटतात आणि त्यापायी माझी एक महत्त्वाची मुलाखत हुकली आहे. शहराचे नाव लिहा, वार आणि तारीख लिहा आणि वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहा.

वार लिहिण्याचे कारण आणखी महत्त्वाचे आहे. आपण बोलताना ‘शनिवारी रात्री एक वाजता’ म्हणतो, तेव्हा कॅलेंडरच्या हिशेबाने रविवार लागलेला असतो. सिडनीच्या सभासदाला असा निरोप गेला तर तो चोवीस तास आधी येऊन बसेल. ‘सिडनी, रविवार, ०१:००’ असे लिहिले की दुसरा अर्थ निघत नाही.

निशिगंध
मी सांगितलेल्या सेवेत वार आणि तारीख आपोआप येतात. पुन्हा एकदा विचार व्हावा.

तळटीप
रेकॉर्डिंगबद्दल कोणीच लिहिलेले नाही. झूमच्या क्लाउड रेकॉर्डिंगच्या फाइलचे नाव जीएमटी या अक्षरांनी सुरू होते आणि त्यापुढे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ सलग आकड्यांत येते. ही वेळ यूटीसीची असते, आणि रेकॉर्डिंग जेव्हा सुरू झाले तेव्हाची असते. बैठकीची ठरलेली वेळ नव्हे. संगणकावरच रेकॉर्ड केले तर मात्र फोल्डरच्या नावात त्या संगणकाची स्थानिक वेळ येते. म्हणजे कधी क्लाउडवर आणि कधी संगणकावर रेकॉर्ड करणाऱ्यांकडे दोन पद्धतींची नावे जमतात आणि ती एकाच यादीत क्रमाने लागत नाहीत.

फाइलच्या ‘बदलल्याची तारीख’ या रकान्यावरही विसंबू नका. विंडोजच्या एनटीएफएस या साठवण-पद्धतीच्या डिस्कवर ती वेळ यूटीसीमध्ये साठवली जाते, तर फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर स्थानिक वेळ साठते आणि ती कोणत्या ठिकाणची, याची नोंद नसते. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या देशात लावला की आकडा तोच दिसतो आणि अर्थ मात्र बदललेला असतो. फाइलचे नाव हाताने द्यावे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग यूटीसी वेळ. असे केले की फाइली आपोआप क्रमाने लागतात.

चर्चेच्या टिपणातही ‘सात पन्नासला हा मुद्दा आला’ असे न लिहिता रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासूनचे मिनिट लिहावे. ‘२०:१५ पासून पाहा’ (वीस मिनिटे पंधरा सेकंदांपासून) हे कोणत्याही शहरातील माणसाला सारखेच उपयोगी पडते आणि सबटायटलच्या फाइलमधील वेळाही तशाच मोजलेल्या असतात.

अक्षांश
वर सांगितल्याप्रमाणे यूटीसीच उत्तम. त्याशिवाय बैठकीची वेळ दर तीन महिन्यांनी फिरती ठेवा, म्हणजे मध्यरात्री जागण्याचा भार एकाच शहरावर पडणार नाही. आमच्या गटात असे ठरले तेव्हा तक्रारी झाल्या, पण ज्यांनी तक्रारी केल्या त्यांना तोवर कधीच जागावे लागलेले नव्हते. वर्ल्ड टाइम बडीसारख्या संकेतस्थळावर शहरे एकाखाली एक लावली की कोणाला काय सोसावे लागते ते लगेच दिसते.

पाऊलखुणा
सर्वांचे मनापासून आभार. उत्तरायण यांनी सांगितल्यावर निमंत्रण उघडून पाहिले, तेव्हा त्यात खरोखरच टोरांटो हा झोन निघाला. मग पाचही शहरांच्या वर्षभराच्या वेळा कागदावर मांडल्या. ते कोष्टक पाहून आम्ही जो निर्णय घेतला आहे तो येथील बहुतेकांना पटणार नाही, याची कल्पना आहे.

बैठक यूटीसीला नाही, भारतालाही नाही, तर टोरांटोच्या सकाळी नऊलाच बांधून ठेवायची, असे ठरले. तेथे विषय मांडणाऱ्या दोन्ही सभासदांना अकरापर्यंत मोकळे व्हावे लागते, ही अडचण हलवता येण्यासारखी नाही. भारतात हिवाळ्यात साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा होतील, सिंगापुरात दहा आणि नऊ होतील, आणि या दोन्ही ठिकाणच्या सभासदांनी ते चालेल असे कळवले आहे. लंडनचे दोन तर ते मधले थोडे आठवडे सोडले तर वर्षभर दोनच राहतात. सिडनीचा लाभ अनपेक्षित आहे. भारताची वेळ धरली असती तर तेथे कायम मध्यरात्र किंवा रात्रीचा एक झाला असता. टोरांटोची धरल्यामुळे एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवारचे रात्री अकरा होतात आणि तेथील एका सभासदांना प्रथमच प्रत्यक्ष बैठकीस येता येईल. फिरती वेळ न्याय्य आहे, पण विषय मांडणारेच येऊ शकणार नसतील तर ती आम्हाला पेलणार नाही.

रेकॉर्डिंगच्या नावात तारीख सुरुवातीला ठेवायची नाही, असेही ठरले. ज्या तारखेवरून वाद होतो तीच पुढे कशाला आणायची? ‘बैठक ०४७’ असा अनुक्रमांक आणि पुढे विषय, एवढेच नाव राहील. तारीख आणि वेळ टिपणाच्या पहिल्या ओळीत शहरासह येईल. टिपणात मिनिटे लिहिण्याची आणि संक्षिप्त अक्षरे टाळण्याची सूचना मात्र आजपासूनच अमलात आणत आहोत.

घटिका
निर्णय तुमचा आहे, पण यूटीसी नसलेले कोणतेही कोष्टक दर मार्चमध्ये पुन्हा तपासावे लागेल.

उत्तरायण
मार्चमध्येच नव्हे, तर एप्रिल, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही. त्या शनिवारांच्या आधी निरोपात पाचही शहरांच्या वेळा पुन्हा लिहाव्यात. तेवढे केले तर टोरांटोला बांधण्यात मला काही वावगे दिसत नाही. सिडनीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

तळटीप
एक शंका आहे. एखादी बैठक रद्द झाली तर तिचा क्रमांक रिकामा ठेवणार का? तसे केल्यास नंतर कोणीतरी ती हरवलेली फाइल शोधत बसेल.

पाऊलखुणा
क्रमांक आधी द्यायचाच नाही. बैठक झाली आणि रेकॉर्डिंग सामायिक फोल्डरमध्ये चढले की पुढचा क्रमांक लागेल. निमंत्रणात फक्त शहर, वार, तारीख आणि वेळ राहील.