इंग्लंडमधल्या उत्तरकालीन सॅक्सन (सॅक्सन काळाच्या अखेरच्या शतकांतल्या) शेतवस्तीच्या हद्दी कोणी आखल्या: जमीनदाराने की कुळवाड्यांनी?

(चार जणांची चर्चा; प्रत्येकाचं टोपणनाव त्याच्या म्हणण्याच्या वर दिलं आहे.)

शिवार

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये नेन नदीच्या खोऱ्यात रॉन्ड्स नावाचं गाव आहे. तिथल्या फर्नेल्स या जागी आणि जवळच वेस्ट कॉटनला १९७०-८० च्या दशकांत मोठी उत्खननं झाली. दोन्हीकडे चित्र सारखंच निघालं. आधीची वस्ती विखुरलेली, कोणाचं घर कुठे याला धरबंद नाही. मग दहाव्या शतकाच्या मध्याला अचानक चर खणून पाडलेले सरळ, नेटके भूखंड. फर्नेल्सला त्याच शतकात वाड्याला लागून एवढंसं चर्च उभं राहिलं आणि पुढे त्याच्याभोवती सुमारे ३६० माणसं पुरली गेली. वेस्ट कॉटनला पाणचक्की आली.

माझं मत ठाम आहे: ही आखणी वरून झाली. त्या काळात मोठ्या इस्टेटींचे तुकडे पाडून ते थेन लोकांना, म्हणजे राजाच्या सेवेतल्या जमीनदारांना, दिले जात होते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा, यॉर्कच्या आर्चबिशप वुल्फस्टनशी जोडला जाणारा एक मजकूर आहे. साधा चेऑर्ल, म्हणजे स्वतंत्र कुळवाडी, थेनच्या मानाला कधी पोचतो? त्याच्याकडे स्वतःची पाच हाइड (हाइड हे त्या काळचं जमिनीचं माप) जमीन, घंटाघर आणि कोटाचं दार असेल तेव्हा. वाडा, दार, आवार हेच प्रतिष्ठेचं माप. असा माणूस आला की तो पहिल्यांदा काय करेल? दोरी धरून जमीन मोजेल.

खापरवाली

अहो, पण तो दहाव्या शतकाचा मध्य आला कुठून? चर कधी खणला हे चर सांगत नाही. तो कधी बुजला तेवढंच आत पडलेली खापरं सांगतात. मी मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, दोन उन्हाळे स्वयंसेवक म्हणून माती खरवडली आहे. चर आडवा कापून त्याचा छेद ओला केला की रंग उमटतात, आणि मोठ्या इंग्रजी व्हीच्या पोटात दुसरा छोटा व्ही दिसतो, कधी तिसराही. म्हणजे गाळ भरला, कोणीतरी येऊन पुन्हा उपसला, पुन्हा भरला. आपल्या हातात येतो तो शेवटच्या उपशानंतरचा कचरा. पहिल्या खणणाऱ्याची खूण फावड्याबरोबर केव्हाच निघून गेलेली असते.

त्यात खापर कोणतं, तर सेंट निओट्स प्रकारचं. पाण्यात धुताना बोटांना साबणासारखं गुळगुळीत लागतं, कारण मातीत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला; पांढरे ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ही भांडी जवळपास दोनशे वर्षं बनत राहिली. त्यावरून ९३० आणि ९८० वेगळे काढता येतात का?

लिंकनशायरच्या गोल्थोचं उदाहरण घ्या. तिथे उत्खनन करणाऱ्या गाय बेरेसफर्ड यांनी तिथला पहिला कोट ८५० च्या आसपासचा धरला होता. नंतर इतर अभ्यासकांनी तोच पुरावा तपासून तो दहाव्या शतकात ओढला. शंभर वर्षं इकडची तिकडे होतात, आणि आपण त्यावर राजकारण रचतो.

कायदेपान

मला शिवार यांचं मूळ गृहीतच पटत नाही. वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या राज्याच्या आयने राजाचे कायदे सातव्या शतकाच्या अखेरचे. त्यात म्हटलंय की चेऑर्लने आपल्या घराभोवती उन्हाळा-हिवाळा कुंपण राखलं पाहिजे. ते नसेल आणि त्याच फटीतून शेजाऱ्याचं जनावर आत शिरलं, तर भरपाई मागता येणार नाही. पुढे सामाईक कुरण आणि वाटून घेतलेल्या जमिनीचंही कलम आहे: काहींनी आपल्या वाट्याचं कुंपण घातलं, काहींनी नाही, आणि गुरांनी पीक फस्त केलं, तर फट ठेवणाऱ्यांनी इतरांचं नुकसान भरायचं.

गुरं पिकात शिरल्यावरचं भांडण ज्याने पाहिलंय त्याला या कलमाचं आश्चर्य वाटणार नाही. हे शेतकऱ्यांचे आपसातले तंटे आहेत. हद्द राखण्याची गरज जमीनदाराच्या कितीतरी आधीची.

शिवार

कलम बरोबर, जागा चुकीची. आयने वेसेक्सचा. नेनचं खोरं मर्सिया या मध्य इंग्लंडातल्या राज्यात होतं, मग डॅनिश सैन्याच्या ताब्यात गेलं, आणि ९१७ मध्ये नॉर्थॅम्प्टनचं डॅनिश सैन्य वेसेक्सच्या थोरल्या एडवर्ड राजाला शरण आलं. सत्ता अशी उलटल्यावर जमिनीचं नव्याने वाटप होणारच. आणि कुंपण राखणं वेगळं, सगळ्या वस्तीचे भूखंड एका सरळ रेषेत पाडणं वेगळं. इतिहासकार जॉन ब्लेअर यांनी पंधरा फुटांच्या चौकटींची जाळी कितीतरी वस्त्यांत दाखवली आहे, आणि त्यातला एक मोठा गट याच काळातला. अशी रेष मारायला मोजणारा जाणकार लागतो. त्याला बोलावणारा कोण?

ओलावा

त्या जाळीवर माझा विश्वास बसत नाही. नकाशावर पंधरा फुटांच्या चौकटी ठेवा आणि हातभर चूक माफ करा. कुठली ना कुठली भिंत रेषेवर येतेच.

शिवाय मिडलंड्सची चिकणमाती कोणी लक्षातच घेत नाहीये. हिवाळ्यात तिथे पाणी मुरत नाही, साचतं. उतारावर चर खणले की ते उताराच्या दिशेने सरळ आणि एकमेकांना समांतर जाणारच. नियोजन म्हणून आपण जे बघतोय त्यातला निम्मा भाग पाण्याने आखलेला असू शकतो.

कायदेपान

पाण्याचा मुद्दा मान्य. पण त्या काळच्या सनदा, म्हणजे जमीन दिल्याचे दस्तऐवज, बघा. मुख्य मजकूर लॅटिन, आणि हद्दीचं वर्णन आलं की बहुतेकदा भाषा बदलते, जुनी इंग्रजी सुरू होते: ओढ्याच्या कडेने वर, मग काटेरी झाडापाशी, मग जुन्या चराने, मग ‘परधर्मीयांच्या थडग्यां’पाशी. कारकुनाने ही थडगी मठात बसून पाहिलेली नाहीत. शिवेवरून चालत जाऊन गावच्या माणसांनी ती सांगितली असणार, कारण झाडं आणि चर त्यांनाच माहीत. थेनला जमीन मिळाली तेव्हा तिची शीव तिथे आधीपासून होती.

खापरवाली

हा धागा मला जास्त पटतो, तरी दोन हद्दींची सरमिसळ नको. सनदेतली शीव अख्ख्या इस्टेटीची. रॉन्ड्सचे चर परसाचे, घराघराचे. शीव जुनी असूनही आतली परसं नवी असू शकतात.

शिवार

तारखेबाबत माघार घेतो. यापुढे ‘दहावं शतक’ एवढंच म्हणेन. परसाचा चर दरवर्षी कुळवाड्यानेच उपसला असणार, हेही मान्य. पण फर्नेल्सचं चर्च वाड्याच्या आवाराला लागूनच का? ती सुमारे ३६० माणसं आयुष्यभर ज्याच्या दारावरून गेली, त्याच्याच अंगणाशेजारी पुरली गेली. ही जागा त्यांनी निवडली असं मला कोणी दाखवून द्यावं.