बहीण इस्रायलमध्ये केअरगिव्हर आहे. दूतावासाची सूचना आली, तिला परत बोलवायचं का?

तासगावकर:
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण नेतान्याला एका आजींकडे केअरगिव्हर आहे. आजी व्हीलचेअरवर. तिकडे परत वातावरण तापलंय, तेल अवीवच्या आपल्या दूतावासाची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय: सावध राहा, विनाकारण प्रवास टाळा, शेल्टरच्या जवळपास राहा, तिथल्या यंत्रणेचं ऐका. आई म्हणते आजच्या आज बोलावून घे. बहीण म्हणते असल्या सूचना येतच असतात. एजंटाला द्यायला काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही, आणि आत्ता आलं तर परत जाता येईल का, याचा तिला घोर. ही सूचना कितपत मनावर घ्यायची? तिथे राहिलेल्या कुणी सांगा. राजकारण नको.

खान्देशी:
कर्ज गेलं चुलीत. जीव वाचला तर दहा कर्जं फेडता येतील. बोलवा.

होलोनची ताई:
खान्देशी भाऊ, कर्ज चुलीत जात नाही, सातबाऱ्यावर बसतं.

दादा, मी होलोनला हेच काम करते. आपल्या सरकारच्या सूचनेला अमेरिकेसारखे धोक्याच्या पातळीचे एक ते चार आकडे नसतात, त्यामुळे त्यात तुम्हाला काय करायला सांगितलंय तेवढंच बघायचं. तुमची सूचना 'आहात तिथे जपून राहा' अशी आहे. मार्च 2024 मध्ये लेबनॉनच्या सीमेलगत मार्गालियोतला केरळचा एक कामगार क्षेपणास्त्राने गेला. दुसऱ्याच दिवशी दूतावासाने सांगितलं की उत्तर आणि दक्षिण सीमेवरच्या भारतीयांनी देशातल्याच सुरक्षित भागात सरकावं. तेव्हाही 'घरी या' म्हटलेलं नव्हतं. म्हणून सूचना आली की तिकीट काढ, असं होत नाही.

पण उलटंही ध्यानात घ्या. सरकारचं विमान येईल तेव्हा येईल. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या लोकांना न्यायला ऑपरेशन अजय झालं तेव्हा बेन गुरियन विमानतळ चालू होता. जून 2025 मध्ये 13 तारखेला इराणशी जुंपली आणि विमानतळ त्याच दिवशी बंद. आपली माणसं बाहेर पडली ती जमिनीवरून, जॉर्डन नाहीतर इजिप्तमार्गे, आणि जॉर्डनची पहिली तुकडी सीमा ओलांडून गेली 22 जूनला. मधले सगळे दिवस ज्याने त्याने आपापल्या घरातच काढले. म्हणून विमानाचं नंतर, आधी बहिणीला विचारा: घरात ममाद आहे का?

ममाद म्हणजे काँक्रीटच्या जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली. 1991च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत ती बहुतेक असते, जुन्या घरांत सहसा नाही. इराणकडून काही सुटलं की आधी फोनवर इशारा येतो, मग सायरन. सायरनपासून आमच्याकडे दीड मिनिट. झोपलेल्या म्हाताऱ्या बाईला उठवून बसवा, चप्पल, व्हीलचेअर, ब्रेक, उंबऱ्याला अडकलेलं चाक. दीड मिनिटात नाही होत हो. मी आमच्या सवतांचा (आजींना इथे सवता म्हणतात) पलंगच ममादमध्ये नेला. तिथे त्यांच्या मुलाचं कॉम्प्युटर टेबल होतं, तो कुरकुरला. टेबल आता स्वयंपाकघरात आहे. खिडकीची लोखंडी झडप संध्याकाळीच ओढून ठेवते, कारण ती जड आहे आणि घाईत अडकते. आत पाणी, त्यांची औषधं, डायपर, चार्जर. 15 जूनच्या पहाटे शेजारच्या बात यामला इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं तेव्हा आमचं लोखंडी दार थरथरलं. सवता पलंगावरूनच विचारत होत्या, चहा कधी करणार.

दूतावासात नाव नोंदवायला सांगा. मुली घाबरतात की नोंदवलं तर परत पाठवतील. तसं काही नाही, ती माहिती आहे, अर्ज नाही. पासपोर्ट तिच्या स्वतःच्या ताब्यात हवा, फोटो तुमच्या फोनमध्ये. आणि यायचंच ठरलं तर आधी इंटर-व्हिसा, म्हणजे परत आत येण्याची परवानगी. ती घेताना मालकाच्या घरच्यांची संमती लागते. विमानं बंद झाल्यावर त्यांच्या हातापाया पडण्यापेक्षा आत्ताच बोलून ठेवलेलं बरं.

खारकीव रिटर्न:
ताईंचं पटलं, फक्त एक जोडतो. मी 2022 मध्ये युक्रेनमध्ये, खारकीवला मेडिकलला होतो. 15 फेब्रुवारीची सूचना होती, राहणं गरजेचं नसेल तर तात्पुरतं निघण्याचा विचार करा. 20 तारखेला, तात्पुरतं निघा. 22 तारखेला, ऑनलाइन वर्गांचं नक्की होईपर्यंत थांबू नका. कॉलेज मात्र हजेरी लावून बसलेलं, आणि तिकीट महाग. 24 तारखेला हवाई हद्द बंद, दिल्लीहून कीवला निघालेलं एअर इंडियाचं विमानही वाटेतून परत फिरलं. 2 मार्चला सांगितलं, खारकीव ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन वगैरे गाठा, गाडी नसेल तर चालत. पेसोचिन 11 किलोमीटर. बॅगा स्टेशनवरच टाकल्या आम्ही. तुमच्या बहिणीच्या सूचनेत 'निघा' आलं आणि साधी विमानं चालू असतील, तर त्याच दिवशी तिकीट. सरकारी विमान फुकट असतं, पण त्याच्यापर्यंत तुम्हाला पोचावं लागतं.

तासगावकर:
सगळ्यांचे आभार. आत्ताच बोललो. ममाद नाही. जुनी तीन मजली इमारत, या दोघी पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मिक्लात, म्हणजे सार्वजनिक शेल्टर, रस्त्यापलीकडे. ती म्हणते सायरन झाला की जिन्यात बसते, आजी आतच राहतात. आजींची मुलगी रानानाला असते, तिचं घर नवं आहे म्हणे.

होलोनची ताई:
मग विषयच वेगळा. आजींना आत ठेवून ही जिन्यात, हे फार दिवस चालायचं नाही. एके रात्री तिला मागे वळावंसं वाटेल. रस्त्यापलीकडचं मिक्लात व्हीलचेअरला उपयोगाचं नाही, ते सोडा. बहिणीला सांगा, आजींच्या मुलीला फोन करून स्पष्ट बोल: तुमची आई आणि मी, दोघी तुमच्याकडे येतो, तुमच्या ममादमध्ये आईचा पलंग लावू. जून 2025 मध्ये माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी अशाच पेशंटसकट मुलामुलींकडे गेल्या, त्यात मागायला लाजण्यासारखं काही नाही. मुलीने आढेवेढे घेतले तर बहिणीच्या लिश्काला, म्हणजे एजन्सीला कळवा. तिथे सोशल वर्कर असते, घरच्यांशी बोलणं तिचं कामच आहे. मेसेज नको, फोन करा आणि उद्या सकाळीच करा. शुक्रवारी दुपारनंतर कुणी उचलत नाही.

त्यातूनही घरचे हलायला तयार नसतील तर मात्र मी तुमच्या आईंच्या बाजूने. इंटर-व्हिसा घ्या आणि विमानं चालू आहेत तोवर तिला आणा.